बरी असतानाच ठरवून ठेव

सातारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात औषधांविषयी थोडे आणि घरातल्या माणसांविषयी पुष्कळ आहे. द्विध्रुवीय आजाराचे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी आणणाऱ्या या आजाराचे, निदान झाल्यावर मलाही आजारापेक्षा जड गेले ते हेच, की माझ्या प्रत्येक बोलण्याकडे घरातले लक्षण म्हणून पाहू लागले. माझे चुकले नसतानाही मी आवाज चढवला, की भांडणाचे कारण कोणी विचारीत नसे, "आज गोळी घेतलीस ना?" एवढेच विचारले जाई. हा प्रश्न काळजीपोटीच येतो, हे मला मान्य आहे, पण त्याने बाईचे म्हणणे बाजूला पडते आणि हळूहळू तिचाच स्वतःवरचा विश्वास उडतो.

म्हणून एक वही ठेव. झोप किती झाली, पाळी कधी आली, गोळी चुकली का, एवढेच रोज लिही. रात्री तीन-चार तास झोपूनही तरतरी वाटत असेल, बोलणे थांबत नसेल, हातून पैसा सढळ सुटू लागला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेट. मात्र झोप नीट असेल आणि रागाला कारण असेल, तर तो राग आजाराचा नाही. तो शांतपणे आणि स्पष्टपणे बोलून दाखव.

तुला लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध सुरू आहे, त्यामुळे हरतालिकेचा निर्जळी उपवास तू करू नयेस, असे मी निक्षून सांगते. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले, की मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे लिथियम रक्तात साठू लागते आणि हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे असा विषबाधेचा त्रास होऊ शकतो. जुलाब-उलट्या झाल्यास किंवा उन्हात फार घाम गेल्यास हाच धोका असतो, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नसते. रक्तातील लिथियम, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या चुकवू नकोस. उपवासाविषयी कोणी विचारलेच, तर डॉक्टरांनी मनाई केली आहे, हे उत्तर पुरेसे आहे.

स्थळे पाहणे सुरू झाल्याचे तू लिहिले आहेस. आजार लपवून लग्न करू नकोस. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी लपवून घ्यावी लागणारी गोळी सासरच्या गर्दीत हमखास चुकते, आणि लिथियम एकाएकी थांबले तर आजार उलटण्याची भीती मोठी असते. शिवाय मूल होऊ देण्याआधी औषधांचा पुन्हा विचार करावा लागतो. याच आजारात दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर या आजारात सर्वांत नाजूक असतात, आणि तेव्हा रात्री बाळाला घेऊन बसणारे दुसरे माणूस घरात लागते. ज्याला काही ठाऊकच नाही, तो नवरा हे कसे करील?

बाहेरचे बघून घ्या, असा सल्ला देणारेही भेटतील. आईला देवीची ओटी भरावीशी वाटली, तर भरू दे. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे किंवा मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच होते, हे घरात सांगायला संकोचू नकोस.

आता मुख्य गोष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो. पुढे कधी आजाराच्या भरात निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नमूद करायचे असते. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, एरवी मात्र त्याला वजन आहे. प्रतिनिधीचे नाव तू दिले नाहीस, तर ती जागा बहुधा नातेवाइकाकडे जाते, आणि आपल्याकडे नातेवाईक म्हणजे बहुतेक वेळा वडील, भाऊ किंवा नवरा. त्यांच्यापैकीच कोणी तुझ्या मनात असेल तर उत्तमच, पण ती निवड तुझी असावी. याच कायद्यात असेही आहे, की रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करायचे नाही. हे आज तुला दूरचे वाटेल, तरी लक्षात असू दे.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पुढच्या तपासणीला जाशील, तेव्हा डॉक्टरांशी या निर्देशाविषयी बोल. मध्यरात्री जगणे नकोसे वाटले, तर सकाळची वाट पाहू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठव.

प्रतिनिधी म्हणून मामीचे नाव घालावे की मैत्रिणीचे, असे तू विचारले आहेस. तू फार आजारी असताना तुझ्या वडिलांसमोर ठामपणे बोलू शकेल, अशी त्या दोघींपैकी जी असेल तिचे घाल, आणि आधी तिची संमती घे. मसुदा झाला की मला वाचायला पाठव.

तुझ्या,
बाई