मोसंबीचा आंबे बहार : ताण दिला, तरी फुले का नाहीत?

प्रश्न : जमीन भारी काळी, बाग सात वर्षांची. डिसेंबरात महिनाभर पाणी तोडले, तरी बहार फुटला नाही, नुसती नवती (कोवळी पालवी) निघाली. काय चुकले? (जालना जिल्ह्यातील मोसंबी उत्पादक)

उत्तर : आंबे बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा; त्यासाठी पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात, तो ताण. भारी जमिनीला त्यासाठी महिना पुरत नाही. थंड मुलखात मोसंबीचे झाड हिवाळ्याच्या गारठ्यानेच विश्रांतीला जाते. मराठवाड्याच्या पठारावर रात्री गार असल्या तरी दुपारी चांगले ऊन असते, त्यामुळे मुळांना ओल मिळाली की झाड वाढतच राहते. काळ्या मातीत ही ओल खाली खोलवर टिकते. वरची माती भेगाळली म्हणून ताण बसला, असे समजू नका.

मुरमाड जमिनीत ३५ ते ४५ दिवस पुरतात, भारी जमिनीत ५५ ते ६५ लागतात. झाडावरची फळे पूर्ण उतरवून, सल (वाळक्या काड्या) काढून नोव्हेंबरअखेरीस पाणी बंद करा. पण दिवसांपेक्षा झाड पाहा. पाने फिकट होऊन साधारण चौथा हिस्सा गळाला, की ताण पुरेसा झाला. त्यापुढे ताणले तर फांद्या वाळतात. पाने फिकट होत किंवा गळतच नसतील तर वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड (५० टक्के) २ मिली प्रतिलिटर पाण्यात मिसळून फवारा आणि १५ दिवसांनी पुन्हा एक फवारणी घ्या. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) झालेल्या किंवा पाच वर्षांखालील झाडांना ताण देऊ नये. आधी झाड सुधारू द्या.

ताण तोडताना घाई सर्वांत जास्त नडते. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेणखत, पूर्ण स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) आणि निम्मे नत्र (नायट्रोजन) आळ्यात मिसळून पहिले पाणी हलकेच द्या, म्हणजे आंबवणी. काही दिवसांनी दुसरे पाणी, चिंबवणी, थोडे जास्त द्यावे. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या सुरू करा. पहिल्याच दिवशी ठिबक तासन्‌तास चालवले, तर फुलांऐवजी पालवीच जोर धरते आणि आलेली फुलेही गळतात. उरलेले नत्र दीड महिन्याने द्यावे.

पाणी बुंध्याला लागू नये, म्हणून दुहेरी आळे (खोडालगत कोरडे, त्याबाहेर पाण्याचे) करा. खोडाला जमिनीपासून मीटरभर बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).

मार्च-एप्रिलात वाटाण्याएवढी फळे गळू लागली, तर आधी पाण्याच्या पाळीतले अंतर तपासा. जमीन एकदा कडक वाळवून नंतर भरपूर पाणी दिले, की गळ वाढते.