नऊ वर्षांच्या मुलीला महिनाभर जुलाब, शौचात रक्त, उंचीही खुंटलीय. आयबीडी (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) असेल का?

असू शकतो. भारतातही मुलांमध्ये आता हा आजार पूर्वीपेक्षा जास्त सापडतो. नुसती मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी काढा. क्रोनमध्ये (आयबीडीचा एक प्रकार) वाढ कधीकधी जुलाबाच्या आधीच मंदावते.

आधी शौचाची जंतुतपासणी आणि कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं प्रथिन). ते 50 मायक्रोग्रॅम/ग्रॅमच्या खाली आलं तर आयबीडीची शक्यता कमी, 250 च्या वर गेलं तर सहसा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी). मात्र जंतुसंसर्गात किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावरही आकडा चढतो.

आपल्याकडची खरी गोची म्हणजे आतड्याचा टीबी. तो हुबेहूब क्रोनसारखा दिसतो, आणि तो न तपासता स्टिरॉइड दिलं तर भडकतो. म्हणून बायोप्सीत (कोलोनोस्कोपीत काढलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत) टीबीही तपासायला सांगा. क्रोनच निघाला तर मुलांना बहुधा स्टिरॉइडऐवजी 6 ते 8 आठवडे फक्त द्रव पोषण देतात. पोळी-भात पूर्ण बंद.