ईस्टरची कागदी अंडी आणि ‘हट्टी’ मुलगा

वसईतलं कॅथलिक कुटुंब, मुलगा साडेचार वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुनरुत्थानाच्या सणासाठी आई त्याला घेऊन कार्डशीटची अंडी करायला बसली होती. तिची काळजी अशी: “दोन मिनिटांत कागद चुरगाळतो आणि रडायला लागतो. त्याच्याच वयाची चुलतबहीण मान वर न करता कापत बसते. याचं लक्ष लागत नाही, की हा मुळातच हट्टी आहे?” दिवाळीत आकाशकंदिलाच्या वेळीही पालक हेच विचारतात.

त्याला तेच काम समोर करायला सांगितलं, तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती कात्री. मुलगा डावखुरा, कात्री उजव्या हाताची. अशी कात्री डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकांवर घासण्याऐवजी फाकतात; कागद कापला न जाता मध्येच दुमडून अडकतो. वर आखलेली रेघ पात्याआड जाते ती वेगळीच. मग आजी कात्री उजव्या हातात देणार, त्या हाताला सवय नाही, की पुन्हा रडणं. हात बदलायला लावू नये, कात्री बदलावी. डावखुऱ्यांची कात्री स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळते.

दुसरी गोष्ट कामाची पायरी. साधारण तिसऱ्या वर्षी मूल कागदाच्या कडेला नुसते चिरे देतं, चौथ्याच्या आसपास सरळ रेघ कापतं, गोल आकार पाचव्याच्या सुमारास जमतो. आईने जाड कार्डशीट घडी घालून, म्हणजे दुप्पट जाड करून, त्यावर वळणदार अर्धं अंडं आखून दिलं होतं. हे तिच्या स्वतःच्या हातालाही जड गेलं असतं.

म्हणून वाटणी बदलली. अंडी आईने कापायची, साधारण १४ सेंमी उंच आणि १० सेंमी रुंद. मुलाकडे चिकटकाम. पतंगी किंवा घोटीव कागदाचे दोन-दोन सेंमीचे तुकडे त्याने हातानेच फाडायचे. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडा. मुलांना यातच गंमत वाटते. गोंद लावायचा तो अंड्यावर, तुकड्यावर नाही, आणि एका वेळी तळहाताएवढ्याच जागेत, नाहीतर वाळून जातो. पातळ पांढरा गोंद टाळा: पतंगी कागद भिजून रंग सोडतो, बोटांना चिकटून फाटतो. ग्लू स्टिक बरी. तुकडे कडेबाहेर गेले तर जाऊ द्या, शेवटी आईने मागून छाटायचे.

भेंडीचे ठसेही उत्तम. देठाकडचा भाग आडवा कापायचा, ओल्या स्पंजावर पोस्टर कलर पसरून त्यावर भेंडी टेकवायची. थेट रंगात बुडवली की पाकळ्या भरून नुसता डाग उमटतो.

कापायची हौस साखळीवर भागवायची. साध्या ए-फोर कागदाच्या आडव्या, तीन सेंमी रुंद पट्ट्या आखून द्यायच्या. सरळ रेघ, एकेरी कागद. कडी चिकटवल्यावर दहापर्यंत मोजेस्तोवर चिमटीत धरायची. कार्डशीटची कडी पुन्हा उघडते आणि रडारड तिथेच सुरू होते.

राहिला आईचा प्रश्न. तुकडा वाकडा लागला की ती “आण, नीट करून देते” म्हणत होती. मुलाने यातून एवढंच घेतलं की आपलं काम बिघडलेलं असतं. मग ते चुरगाळलेलं काय वाईट! नीटनेटकेपणाची हौस असेल तर आईने स्वतःचं वेगळं अंडं करावं. “छान छान” म्हणण्यापेक्षा “खाली सगळे निळे लावलेस” असं जे दिसतं ते बोलावं. बैठक पंधरा मिनिटांची. तो उठला की उरलेलं काम ताटलीत ठेवून उद्या.

बाकी सगळं, म्हणजे चमच्याने जेवणं, मोठी बटणं लावणं, खडू धरणं, त्याला जमत होतं. ते जमत नसतं, किंवा तो एकच हात वापरून दुसऱ्याने कागद धरायलाही टाळत असता, तर त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताची रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवलं असतं. इथे तशी गरज दिसली नाही.