मूर्ती कुठे आहे त्यात?

प्रश्न असा आला आहे: “बायझंटाइन कलेवरच्या एका लेखात ‘आयकॉनोक्लाझम’साठी ‘मूर्तिभंजन’ हा शब्द वाचला. पण सोबतच्या छायाचित्रांत एकही मूर्ती नाही, सगळी चित्रंच. मग हा शब्द बरोबर आहे का?”

शंका रास्त आहे. ‘आयकॉनोक्लाझम’ म्हणजे बायझंटाइन साम्राज्यात, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्यात, ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चित्रांना झालेला विरोध. त्यातला ग्रीक ‘एइकोन’ म्हणजे सादृश्य, कुणासारखं तरी दिसणारं ते. घडवलेलं की रंगवलेलं, याचं त्या शब्दाला सोयरसुतक नाही. मराठीत मात्र आपण गणपतीची मूर्ती बसवतो आणि भिंतीवर लावतो ती तसबीर. यात आपली कधी गल्लत होत नाही. इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात सहाव्या शतकातला ख्रिस्ताचा आयकॉन, म्हणजे धार्मिक चित्र, आहे. मेणात रंग कालवून लाकडी फळीवर रंगवलेला, जेमतेम ८४ सेंटिमीटर उंच. ही सरळसरळ तसबीर झाली! चौफेर कोरलेल्या पुतळ्यांना बायझंटाइन चर्चमध्ये जवळजवळ जागाच नव्हती.

‘मूर्ती’ऐवजी ‘प्रतिमा’ घेतली की निम्मं काम होतं. तिच्यातही मूळ अर्थ सादृश्याचाच आहे, आणि चित्र-पुतळा दोन्ही तिच्यात बसतात.

पण उरलेला निम्मा शब्द, ‘भंजन’, तोही पुरता खरा नाही. मॉस्कोत नवव्या शतकातली एक स्तोत्रसंहिता आहे, ख्लुदोव्ह साल्टर नावाची. तिच्या एका पानाच्या समासात क्रुसावरच्या ख्रिस्ताला एक शिपाई काठीला लावलेला बोळा देतो आहे, शिरक्यात भिजवलेला. त्याच्याच खाली केस पिंजारलेला एक माणूस तशाच काठीला तसाच बोळा लावून ख्रिस्ताच्या गोल चित्रावर चुना फासतो आहे. चुन्याचं मडकंही शेजारी काढलंय. चित्रकार अर्थातच प्रतिमांच्या बाजूचा, त्यामुळे टोमणा झणझणीत आहे. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच, की त्या माणसाच्या हातात हातोडा नाही, चुन्याचा बोळा आहे.

इस्तंबूलच्या हागिया आयरीनमध्ये तर फोडणं-पुसणंही नाही. ७४० च्या भूकंपानंतर ते चर्च पुन्हा उभारलं, तेव्हा वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी मोझेक केलं आणि त्यावर फक्त एक क्रूस काढला. माणसाचा चेहरा नाही. तिथे भंजन म्हणायचं तरी कशाला?

खुद्द बायझंटाइन लोक या प्रकरणाला ‘एइकोनोमाखिया’ म्हणत, म्हणजे प्रतिमांवरून झालेली लढाई. आठव्या शतकात सम्राट तिसऱ्या लिओच्या काळात ती पेटली, ७८७ मध्ये निकियाला भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेनं थांबवली, ८१५ मध्ये पुन्हा उसळली आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोरानं कायमची मिटवली. म्हणून या कालखंडाला मी ‘प्रतिमाकलह’ म्हणेन आणि ‘प्रतिमाभंजन’ प्रत्यक्ष तोडफोडीपुरतं राखून ठेवेन.

याच ओघात ‘प्रतिमापूजक’ हा शब्दही जपून वापरावा. प्रतिमेपुढे लवून नमन करावं, आराधना मात्र एकट्या देवाची, असा भेद निकिया परिषदेनं मुद्दाम केला होता. त्या लोकांना ‘पूजक’ म्हणणं म्हणजे त्यांच्या विरोधकांचा आरोपच मराठीत आणणं. ‘प्रतिमासमर्थक’ म्हणावं.

रूढी मोडणाऱ्या सुधारकाला मात्र खुशाल ‘मूर्तिभंजक’ म्हणा. त्या अर्थानं तो शब्द मराठीत चांगला मुरला आहे.