परवा म्हणजे नेमके कधी?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका महिला बचत गटाची मी सचिव आहे. गटात निम्म्या जणी तेलुगू बोलणाऱ्या, तीन-चार कन्नड घरांतल्या आणि उरलेल्या आम्ही मराठी. गेल्या महिन्यात मी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘परवाच्या बैठकीचा हिशेब सोबत आणावा’ असा निरोप टाकला. माझ्या मनात व्हायची बैठक होती. निम्म्या जणींनी होऊन गेलेल्या बैठकीचा हिशेब आणला. तेव्हा शेजारच्या अक्का हसून म्हणाल्या, “आमच्यात गेलेल्या परवाला मोन्न म्हणतात आणि येणाऱ्या परवाला एल्लुंडि. तुम्ही दोन्हींना एकच शब्द कसा काय ठेवलात?” मला उत्तर सुचले नाही. मराठीत हा उणेपणा का राहिला असावा? आणि इतर भाषांत परवाला काय म्हणतात?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अक्कांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तेलुगूत काल म्हणजे ‘निन्न’, उद्या म्हणजे ‘रेपु’, गेलेला परवा ‘मोन्न’ आणि येणारा परवा ‘एल्लुंडि’. कन्नडमध्ये याच क्रमाने ‘निन्ने’, ‘नाळे’, ‘मोन्ने’ आणि ‘नाडिद्दु’ असे शब्द आहेत. आजच्या अलीकडचे दोन आणि पलीकडचे दोन अशा चार दिवसांना या दोन्ही भाषांनी चार स्वतंत्र नावे दिली. मराठीने त्याच चार दिवसांत काल, उद्या आणि परवा अशा तीन शब्दांवर भागवले, आणि आपल्याकडच्या दखनी उर्दूने ‘कल’ व ‘परसों’ अशा दोनच शब्दांवर. सोलापूरच्या एखाद्या चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी चार, तीन आणि दोन अशा तिन्ही रीती कानांवर पडतात. भाषांच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे आणि आपल्याला तिचे काही अप्रूप राहिलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट टिपून ठेवावीशी वाटते. कन्नड आणि तेलुगू या एकाच द्राविड कुळातल्या भाषा असल्यामुळे निन्ने-निन्न आणि मोन्ने-मोन्न या जोड्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. मात्र उद्या आणि येणारा परवा यांच्यासाठी दोघींनी अगदी वेगळे शब्द धरले आहेत.

आता उणेपणाविषयी. मला तो उणेपणा वाटत नाही. ‘परवा’ हा शब्द अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. आजपासून दोन दिवस दूर, एवढेच त्याचे काम. ते मागे की पुढे, हे सांगण्याची जबाबदारी मराठीने क्रियापदावर टाकली आहे. ‘परवा आले’ आणि ‘परवा येतील’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. कधी कधी क्रियापदाचीही गरज पडत नाही, कारण वस्तूच दिशा सांगते : ‘परवाची कडक भाकरी’ म्हटले की ती शिळी असणार आणि ‘परवाचे तिकीट’ म्हटले की गाडी बहुधा अजून सुटायची असणार. शिवाय जोडीने बोलताना सोबतचा शब्द मदतीला येतो. ‘काल-परवा’ मागे जातो, ‘उद्या-परवा’ पुढे जातो.

आपल्या निरोपात नेमकी हीच आधाराची जागा रिकामी राहिली. ‘परवाच्या बैठकीचा’ या रूपात काळ दाखवणारे क्रियापद नाही, ‘आणावा’ हे क्रियापद हिशेबाला लागू आहे, बैठकीला नाही. आणि हिशेब तर दोन्ही बैठकींना असतो. तोंडी बोलण्यात हे सहसा घडत नाही, कारण आपण पूर्ण वाक्ये बोलतो किंवा समोरची व्यक्ती लगेच ‘कोणती बैठक?’ असे विचारते. फोनवरचे निरोप मात्र क्रियापदे गाळूनच लिहिले जातात, आणि ‘परवा’ या शब्दाचा सगळा भार ज्या खांबावर आहे तोच खांब आपण काढून घेतो. ‘येत्या परवा’ असे लिहिले असते तर काम भागले असते; वार आणि तारीख लिहिली असती तर उत्तमच.

क्रियापद असूनही फसगत होण्याची एक मराठी जागा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कार्यालयात कोणी अदबीने म्हणतो, “साहेब, परवा जरा रजा हवी होती.” व्याकरणाने पाहिले तर क्रियापद भूतकाळी आहे, पण रजा पुढच्या परवाची हवी आहे, ‘होती’ हा केवळ नम्रपणा आहे. मराठी ऐकत वाढलेल्या साहेबाला हे सहज कळते. कन्नड किंवा तेलुगू घरातून आलेल्या आणि मराठी नव्याने शिकलेल्या साहेबाला मात्र क्षणभर वाटू शकते की रजा तर होऊन गेली, आता हा माणूस मागतो आहे ते काय.

हिंदी-उर्दूत ही रीत आणखी एक पायरी पुढे गेली आहे, कारण तिथे ‘कल’देखील दोन्ही दिशांना चालतो. बंगालीतही ‘काल’ आणि ‘परशु’ दुतोंडी आहेत. म्हणून नेमके बोलायचे असेल तेव्हा बंगाली माणूस ‘गतकाल’ आणि ‘आगामीकाल’ म्हणतो, आणि गुजराती माणूस ‘गई काले’ व ‘आवती काले’. यावरून काही जण असा सिद्धान्त मांडतात की भारतीय माणसाला काळ चक्रासारखा फिरताना दिसतो, म्हणून त्याला काल आणि उद्या यांत भेद वाटत नाही. हा सिद्धान्त ऐकायला गोड आहे, पण तो सोलापुरात टिकत नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत चार शब्दांची भाषा बोलणारे आणि दोन शब्दांची भाषा बोलणारे एकाच गर्दीत, एकाच पंचांगाने ठरलेल्या दिवशी चालतात. काळाविषयीची समजूत शब्दांच्या संख्येवरून मोजायची ठरवली, तर एकाच रस्त्यावर तीन तत्त्वज्ञाने मानावी लागतील.

संस्कृतात दिशा होती, हेही ध्यानात घ्यावे. काल म्हणजे ‘ह्यः’, उद्या म्हणजे ‘श्वः’ आणि येणारा परवा म्हणजे ‘परश्वः’, म्हणजेच उद्याच्या पलीकडचा. या परश्वः शब्दातूनच हिंदीचा ‘परसों’ आला. येताना त्याने पुढची दिशा टाकून दिली आणि फक्त पलीकडेपण ठेवले. मराठीतल्या ‘परवा’तही ‘पर’ म्हणजे पलीकडचा हाच अंश ऐकू येतो.

जगाकडे पाहिले तर परवासाठी एकच सुटसुटीत शब्द असणे किंवा नसणे हा बराचसा योगायोग दिसतो. जर्मन भाषेत ‘युबरमॉर्गन’ म्हणजे उद्यापलीकडचा आणि ‘फोरगेस्टर्न’ म्हणजे कालच्या आधीचा. रशियनमध्ये ‘पोस्लेझाव्त्रा’ आणि ‘पोझाव्चेरा’. फारसीत येणारा परवा ‘पसफर्दा’ आणि गेलेला ‘परीरूझ’. जॉर्जियन भाषेत येणाऱ्या परवाला ‘झेग’ एवढे छोटेसे नाव आहे, आणि त्याच्या पुढच्या दिवसाला ‘माझेग’. इंग्रजी मात्र ‘डे आफ्टर टुमारो’ असे लांबलचक बोलते. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘ओव्हरमॉरो’ हा जर्मनसारखाच शब्द होता. तो पुढे वापरातून गेला आणि कोणी त्याच्यासाठी रडल्याचे दिसत नाही. ज्या भाषेतून आपण इतके शब्द उसने घेतो, तिच्याकडे परवा नाही, ही गोष्ट अक्कांना जरूर सांगावी.

या शब्दांच्या मुळाशी गेले की बहुतेक ठिकाणी पहाट भेटते. स्पॅनिशमध्ये ‘मान्याना’ म्हणजे सकाळ आणि उद्याही. त्यामुळे उद्या सकाळी हे ‘मान्याना पोर ला मान्याना’ असे दोनदा म्हणावे लागते. जर्मन ‘मॉर्गन’चेही दोन्ही अर्थ आहेत, पण तिथे ‘मॉर्गन मॉर्गन’ कानाला चमत्कारिक लागत असल्यामुळे ‘उद्या लवकर’ अशा अर्थाचे ‘मॉर्गन फ्र्यू’ म्हणतात. फ्रेंच ‘दमँ’, रशियन ‘झाव्त्रा’ आणि इंग्रजी ‘टुमारो’ यांच्याही पोटात सकाळच आहे. मराठी ‘उद्या’त सूर्याचे उगवणे आहे, हे सहज पटते. पण ‘काल’? तोही ‘काळ’ या शब्दाचा भाऊ नव्हे. तो आणि हिंदीचा ‘कल’ हे दोघे संस्कृत ‘कल्य’ म्हणजे पहाट या शब्दातून आले. आजच्या दोन्ही बाजूंना एकेक पहाट आहे. हिंदीने दोन्हींना एकच नाव ठेवले. मराठीने ते नाव मागच्या दिवसाला दिले आणि पुढच्यासाठी दुसरे शोधले.

दिशेचीच गोष्ट निघाली आहे, तर चिनी भाषेचे उदाहरण मला सर्वांत मौजेचे वाटते. तिथे येणाऱ्या परवाला ‘होउथ्येन’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ मागचा दिवस. आणि गेलेल्या परवाला ‘छ्येनथ्येन’, म्हणजे समोरचा दिवस. गेलेला आठवडा ‘मागचा’ आणि येणारा ‘पुढचा’ म्हणणाऱ्या आपल्याला हे उफराटे वाटते. पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात बोलल्या जाणाऱ्या आयमारा भाषेतही भूतकाळ डोळ्यांसमोर आणि भविष्य पाठीमागे आहे. जे घडून गेले ते दिसते, जे यायचे ते दिसत नाही, असा त्यामागचा तर्क सांगतात. आणि आपण तरी याला सर्वस्वी परके कुठे आहोत? संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या पुढ्यातला. म्हणून ती दिशाही पूर्व. त्याच शब्दाचे ‘पूर्वी’ झाले आणि अर्थ झाला फार मागे होऊन गेलेले. आपला पूर्व भाग आणि आजीच्या गोष्टीतले ‘फार पूर्वी’ हे दोन्ही एकाच शब्दाचे आहेत. उलट ‘पश्चात्’ म्हणजे पाठीमागे. पण निधनवार्तेत आपण ‘त्यांच्या पश्चात पत्नी आणि दोन मुले असा परिवार आहे’ असे लिहितो, तेव्हा तो नंतरचा काळ असतो. चिनी माणसाच्या समोरच्या दिवसाला हसण्याआधी एवढे आठवावे.

शेवटी, परवा हा शब्द नेहमी दोन दिवस मोजतोच असेही नाही. ‘अगदी परवापरवापर्यंत या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा’ असे एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांच्या परवाला वीस-तीस वर्षे सहज झालेली असतात. तेलुगूत हेच ‘मोन्नमोन्नटि वरकु’ असे म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘मोन्ने मोन्ने’; पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत गेलेला परवा म्हणजे ‘जुझी’ आणि ‘जुझीजुझी’ म्हणजे अलीकडेच. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या भाषांनी परवाची द्विरुक्ती करून एकच अर्थ काढावा, याचे मला दर वेळी नवल वाटते. हा सैलपणा मराठीत मागच्या दिशेलाच चालतो. ‘परवाच भेटलो’ यात आठवडाही मावतो. ‘परवा भेटू’ म्हटल्यावर मात्र माणूस परवाच वाट पाहतो.

प्रश्न : आमच्या आजी ‘तेरवा’ म्हणत असत. हा शब्द खरा आहे की त्यांच्या घरचा?
— एक विद्यार्थी, अक्कलकोट

उत्तर : खरा आहे, आणि जुन्या शब्दकोशांतही सापडतो. परवाच्या पलीकडचा एक दिवस म्हणजे तेरवा, आणि परवाप्रमाणेच तो मागेही जातो व पुढेही. हिंदीत याला ‘तरसों’ किंवा ‘नरसों’ म्हणतात. तेलुगूत तीन दिवसांपूर्वीचा दिवस ‘अटुमोन्न’, म्हणजे मोन्नच्या पलीकडचा. इतक्या दूरचे शब्द सर्वच भाषांत डळमळीत होतात. जपानीत परवाच्या पुढच्या दिवसांना ‘शिआसात्ते’ आणि ‘यानोआसात्ते’ असे दोन शब्द आहेत; पण कोणता तिसऱ्या दिवसाचा आणि कोणता चौथ्या, याविषयी त्या देशाच्या वेगवेगळ्या भागांत एकमत नाही. तिथले दोन प्रांतांचे व्याही लग्नाची बोलणी करताना तारखेवरच बोट ठेवत असतील, अशी माझी आपली कल्पना. आजींचा शब्द घरात जरूर चालू ठेवावा, निमंत्रणपत्रिकेत नको.

प्रश्न : ‘मला कुणाची परवा नाही’ यातला परवा आणि दिवसाचा परवा एकच का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. काळजी किंवा फिकीर या अर्थाचा शब्द फारसीतून आला आहे आणि ‘बेपर्वा’, ‘बेपर्वाई’ हे त्याचेच नातलग आहेत. दिवसाचा परवा आपल्या घरचा. दोघांचा उच्चार जवळ आल्यामुळे लिहिताना सरमिसळ होते. ती टाळायची असेल तर फिकिरीसाठी ‘पर्वा’ आणि दिवसासाठी ‘परवा’ असे लिहावे. ‘परवाची पर्वा आज कशाला’ या वाक्यात दोन्ही शेजारी बसतात आणि तरीही कोणाचा घोटाळा होत नाही.