किती पैसे असले की माणसाला खरा श्रीमंत म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात तुम्हाला महिना दीड लाख पगार आहे, गोव्यातल्या तुमच्या मित्राच्या घरी दोन कोटींची जमीन आहे पण ती माणसं जुन्या स्कूटरवर फिरतात, तर दोघांत श्रीमंत कोण, आणि नेमका कुठला आकडा गाठला की श्रीमंत. मी गोव्यातल्या डिचोलीचा, लोकांचे हिशेब लिहिणं आणि रिटर्न भरणं हा माझा धंदा, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचेच आकडे बघत असतो. म्हणून सांगतो, नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही.

आमच्या तालुक्यात याची परीक्षाच झालीय. 2005 च्या आसपासपासून चीनला लोखंडाचं खनिज हवं होतं, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी तर विचारू नका, एरवी कोणी हात लावला नसता असला हलका मालसुद्धा उचलला जायचा. खाणीवर ट्रक भरायचा, नदीकाठच्या जेटीवर ओतायचा, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात. ट्रकमालकाला पैसे खेपेवर. एक ट्रक होता त्याने दुसरा काढला, दुसऱ्याच्या जोरावर तिसरा, सगळं कर्जावर, घरांवर मजले चढले, लग्नाची जेवणं हॉलमध्ये व्हायला लागली. त्या वर्षांत त्यांच्यातला कोणीही श्रीमंतच होता आणि बँकेचंही तेच मत होतं, नाहीतर तिसऱ्या ट्रकला कर्ज दिलं असतं का?

मग सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. 2014 ला ती उठली, हळूहळू थोडं सुरू झालं, तेवढ्यात फेब्रुवारी 2018 मध्ये कोर्टाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून परत सगळं ठप्प.

आता गंमत बघा (गंमत म्हणायचं ते आपलं बोलायला). ट्रक तेवढेच होते, घर तेवढंच, कागदावर मालमत्तेतलं एक रुपयाचंही काही गेलं नव्हतं. फक्त खेप बंद. आणि खेप बंद झाल्यावर ट्रक म्हणजे काय, तर हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स आणि पावसात गंजणारा पत्रा. विकायला काढला तर घेणार कोण, अख्खा तालुकाच विकायला बसलेला! हे लोकांच्या लक्षात येत नाही, की तुमची वस्तू ज्या धंद्यावर चालते तोच बसला तर ती वस्तू नेमकी गरजेच्या दिवशी विकली जात नाही. दागिने गहाण गेले, मुलांच्या फिया थकल्या, आणि काहीजण अजून त्यातून पूर्ण बाहेर आलेले नाहीत. त्याच काळात माझ्या ओळखीचा एकजण होता, एकच ट्रक, तोही फेडलेला, बायको अंगणवाडीत, घरामागे थोडी बागायत. तेजीत लोक त्याला हसायचे, याला धंदा जमत नाही म्हणून. खाणी बंद झाल्या तेव्हा त्याने ट्रक झाकून ठेवला आणि मिळेल ते काम केलं, पण कोणाच्या दारात गेला नाही.

त्यामुळे माझं माप असं, की उद्या येणारा पैसा थांबला तर कोणाकडे हात न पसरता आणि मनाविरुद्ध काही न विकता तुमचं घर किती महिने चालेल. हे माप लावलं तर दीड लाख पगारवाला, ज्याच्या पगारातले नव्वद हजार फ्लॅट आणि गाडीच्या हप्त्यात जातात, तो दोन महिन्यांचा श्रीमंत निघू शकतो. तुमचं तसं असेलच असं नाही, पण एकदा मांडून बघा.

आता तुमचा मित्र. दोन कोटी हा भाव दलालाच्या तोंडातला, तो त्यांच्या खिशात नाहीये. गोव्यात जमीन म्हटली की पहिल्यांदा फॉर्म 1 आणि 14 काढा, म्हणजे तुमच्याकडचा सातबारा, आणि त्यावर किती नावं आहेत ती मोजा. आमच्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा चालत आला, वारशाचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहे, पण गाभा तोच. मुलगा मुलगी सारखेच वारस, बापाला मृत्युपत्राने जास्तीत जास्त अर्धीच मिळकत मनासारखी देता येते, उरलेली अर्धी मुलांचीच, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको एकमेकांच्या मिळकतीत अर्धे अर्धे. म्हणजे विकताना बहिणींच्या सह्या, मेव्हण्यांच्या सह्या, काका मुंबईला, त्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला, एकजण रुसलेला. मला हा कायदा चांगलाच वाटतो, बायकांना त्यातून जे मिळालं ते देशात बाकी ठिकाणी लोक अजून मागतायत, पण कागदावरचे दोन कोटी हातात का येत नाहीत याचं कारणही तोच. जुनी घरं कुलूप लावून कोसळतायत ती बऱ्याचदा यामुळेच. आणि त्या जमिनीवर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल तर मग वेगळीच कथा, ती इथे नको.

पण त्याच जमिनीत कुळागर, म्हणजे आमच्याकडची सुपारी-नारळाची बाग, असेल तर मी त्यांना गरीब म्हणणार नाही. डोंगराच्या कुशीत झऱ्याचं पाणी, पाटाने फिरवलेलं, माडाखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मध्ये केळी, कडेला फणस आणि भिरंड (कोकम). सुपारी सोलून वर्षाला बागायतदार सोसायटीत घालायची, मिरी भाव येईपर्यंत डब्यात ठेवायची, नारळ घरचा. पैसा थोडा पण वेगवेगळ्या वेळी येतो, एकदम बंद होत नाही. उगाच कौतुक करत नाही हं, नारळ काढणारा पाडेली वेळेवर मिळत नाही, माकडं शहाळी फोडून टाकतात, पाण्याच्या पाळीवरून भाऊ भाऊ बोलत नाहीत, आणि मुलीच्या ॲडमिशनला एकरकमी चार लाख पाहिजेत तेव्हा पोफळी हलवून ते पडत नाहीत. पण जमीन मागायला दिल्लीवाल्याचा माणूस दारात आला की चहा पाजून त्याला परत पाठवता येतं. 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यात काय काय विकलं गेलं ते बघितलंत तर कळेल की असं परत पाठवणं सगळ्यांना परवडत नाही. विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आजारपण, कर्ज, प्रत्येकाचं काहीतरी असतं. फक्त जमिनीच्या पैशातून थार घेतली की मला रिटर्न भरताना हात जड होतो.

अजून एक, आपल्या नावावर नसलेली श्रीमंतीही धरायला पाहिजे. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल, आहे, रांगा आहेत, गर्दी आहे, सगळं मान्य, पण मोठं आजारपण आलं म्हणून घर विकायची पाळी येत नाही. दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या एकदोन राज्यांत असतो, पण त्या सरासरीत कॅसिनोवालाही आला आणि माझी शेजारीण पण आली, तिला विचारा तिचं दरडोई कुठे गेलं ते. तिला त्या सरासरीपेक्षा गोमेकॉचा उपयोग जास्त झाला.

नेटवर तुम्हाला वर्षाच्या खर्चाच्या 25 पट साठवा असं सांगणारे भेटतील. ते सूत्र 1994 मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने काढलेल्या चार टक्क्यांच्या हिशेबावरून आलंय (निवृत्तीच्या पहिल्या वर्षी साठ्यातले चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे), तिकडचे शेअर, तिकडचे बाँड, तिकडची महागाई आणि निवृत्तीची तीस वर्षं धरून. दिशा म्हणून ठीक, पण पुण्याच्या शाळेच्या फिया धरून ते केलेलं नाही. आधी एका वर्षाचा खर्च बाजूला काढा, तोही तुमच्या नोकरीशी संबंध नसलेल्या जागी, कंपनीचेच शेअर नकोत. मग दोन वर्षांचा. बहुतेकांचं गाडं पहिल्या वर्षातच अडतं, 25 पटीचं टेन्शन नंतर घ्या.

माझं विचाराल तर तीनेक वर्षं निघतील एवढं आहे, हप्ता कुठलाच नाही. अर्थात मी गोव्यात लग्न केलंय आणि करारबिरार काही केलेला नाही, त्यामुळे माझी म्हणून जी काय श्रीमंती सांगेन तिला आधी दोनने भागून घ्या, अर्धी बायकोची.